दहा म्हटल्यावर

कुंडल,
ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. वीरधवल यास नानासो काकाचे आशीर्वाद. रीत हाय म्हणून लिहिले, मनातनं आलेले न्हाईत.

फोन तू उचलत न्हाईस, म्हणून पत्र. जयराज घरी आलाय. गळ्याजवळचं हाड मोडलंय, उजवा हात गळ्यात बांधलाय. वीस तारखेची सैन्यभरती हातची गेली, आन वयात बसणारी ती त्याची शेवटचीच हुती. मी बावीस वर्षं पलटणीत काढली. पोरगं बी जाईल म्हणून तुझ्याकडं उंब्रजला ठेवलं, चुलतभाऊ नजर ठेवील म्हणून.

जयराज म्हणतो, जिममधी निजून उचलताना छातीवरचा वजनाचा दांडा हातातनं निसटला. मला पटत न्हाई. जिमवाला धुळा सांगतो, तू मागं उभा हुतास खरा, पण डोळ्यावर तो नवा एआर चष्मा हुता. त्यात म्हणं समोरचं माणूस बी दिसतं आन त्याच्यावरच व्हिडिओ बी चालतो. तुमा दोघांना मीच शिकवलंय. मागच्यानं मोठ्यानं मोजायचं, दहा म्हणताना दांडा धरायचा, तवाच खालच्यानं हात सोडायचे. खरं काय झालं ते लिही. तवर कुंडलची पायरी चढू नगं.

नानासो


उंब्रज,
ता. ८ नोव्हेंबर

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही शिव्याच देता, मग उचलून काय करू? तुमच्या बोलण्यानं आई दोन दिवस जेवली नाही. चष्मा म्हणाल तर तो आरपार आहे, मला जयराज स्पष्ट दिसत होता. अर्धी जिम तो लावून व्यायाम करते. तासभर लोखंड उचलायचं तर करमणूक नको? तुमच्या पलटणीत रेडिओ नव्हता?

दांडा निसटला हे जयराज स्वतः सांगतोय. वजन त्यानंच वाढवलं, मी नको म्हणत होतो. भरती, भरती करून त्याच्या मागं तुम्हीच लागला होता, आणि आता खापर माझ्या डोक्यावर. आई म्हणते, नमतं घे. मी घेणार नाही. तुमची पायरी तुम्हाला लखलाभ.

लोभ ठेवा असं लिहीत नाही.

वीरधवल


कुंडल,
ता. २८ डिसेंबर

वीरूदादास जयराजचा नमस्कार.

तुझं पत्र आबांनी आज दाखवलं. निसटला हे मी खोटं बोललो हुतो. आबा आन तुझी आई एकमेकांचं तोंड बघायचं सोडतील, या भ्यानं. ते खोटं माझं हुतं, तू त्याच्या आड लपलास. लाज वाटायला पायजे हुती.

माझे सहाच येळा उचलून झाले हुते, हे मागनं आठवून मोजलं तवा कळलं. मोजायचं काम तुझं, म्हणून तवा मी ध्यान दिलं न्हाई. तू चष्म्यातल्या व्यायामाच्या व्हिडिओतल्या माणसाबरोबर मोजत हुतास. त्याचे दहा झाले तवा तू मोठ्यानं दहा म्हणालास, आन मी हात सोडले. तुझे हात तिथं नव्हतेच. तू हवेत बघून मान डोलवत हुतास.

आज आबांना सगळं सांगितलं.

डॉक्टरनं हलका व्यायाम सांगितलाय. मी निजून नुसती काठी उचलतो, आबा मागं उभं राहून मोजत्यात. दहा म्हणत्यात, काठी दोन्ही हातांनी धरत्यात, सोड म्हणत्यात. त्यांनी धरलेली मला दिसती, तरी माझ्या मुठी उघडत न्हाईत. काल ते एकेक बोट सोडवत बसले हुते.

आता हिकडं पत्र नगं. लोभाचं म्हणशील तर तो हुता, म्हणून तर हात सोडले हुते.

जयराज