पॉलिशर नंबर दोनला मारायचं आहे

८ जुलै
डिप्लोमाला नाव लागलं. मेकॅनिकल. चार दिवस राईस मिलमध्ये अप्रेंटिस, दोन दिवस गोंदियाला कॉलेज. शेठ गावभर सांगतो, बिचारीचा नवरा माझ्या मिलमध्ये गेला, मी तिला शिकवतोय. शिकव म्हणावं. मी शिकतेय एकाच कामासाठी. पॉलिशर नंबर दोन, तांदूळ घासून चकाकवणारं मशीन. त्याच्या पट्ट्याने आधी खुमेंद्रचा गमछा ओढला, मग खुमेंद्रला. मशीन कुठून मरतं ते कळायला शिकावंच लागेल. डोकं एकदम शांत आहे.

१५ जुलै
मशीन पहिल्यांदा पाहिलं. हिरवा रंग, लाल अक्षरात दोन. हल्ला केला. मुठीने. करंगळी सुजली. हेड मिस्त्री चैतराम म्हणाला, काऊन वो बाई, मशीनसंग झगडा करून राहिली का? म्हटलं, कोंडा झटकतेय. त मंग झाडू घे ना, म्हणाला.
उद्यापासून पद्धतशीर.

२ ऑगस्ट
कॉलेजात बेअरिंग झालं. ग्रीस नसलं तर ते आतल्या आत जळतं. इतकं बरं वाटलं की डिंपलने विचारलं, काकू, लव्ह लेटर आलं का? (डिंपल एकोणीस वर्षांची. माझ्याच मिलमध्ये अप्रेंटिस.)
नंबर दोनचं ग्रीस बंद.

९ ऑगस्ट
बेअरिंग किंचाळायला लागलं. उभं राहून ऐकलं. मग ग्रीसगन घेऊन पोटभर ग्रीस दिलं. दया नाही. इतक्या लवकर मेलं असतं तर माझ्यावर संशय आला असता.

४ सप्टेंबर
पुली तिरकी करायला गेले. सैल पट्टा फटकन उडाला. दंड फाटला, रक्त. ठीक. आता उघड लढाई. पण किती तिरकं करायचं ते कळायला आधी सरळ कुठे ते पाहावं लागतं. दोरी धरून पाहता पाहता सरळच झाली. चैतराम म्हणे, नंबर दोन एवढी गुपचूप कधी चालली नाई. शेठने पेढा दिला. खाल्ला. नाहीतर संशय आला असता.

१९ ऑक्टोबर
डिंपलची ओढणी पट्ट्याजवळ उडत होती. वेणी धरून मागे खेचलं, जमिनीवर पाडलं आणि दोन कानाखाली दिल्या. पागल झाली का काकू, म्हणून रडली. शेठ म्हणाला, भाभीजी, फिरसे हाथ उठाया तो नाम कट. डिप्लोमा गेला समजो.
संध्याकाळी पट्ट्यावर जाळी वेल्ड केली. कोणाच्या काळजीने नाही. शिकार माझी आहे, दुसऱ्या कोणी जवळ जायचं नाही.

२७ नोव्हेंबर
खुमेंद्रला वर्ष झालं. सकाळी पान ठेवलं, कामावर गेले. जेवणाच्या सुट्टीत घण उचलला. झाकण, हॉपर, जाळी, दिसेल ते ठोकलं. पत्रा फाटेपर्यंत. चैतरामने मागून धरलं. त्याच्या हाताला कडकडून चावले. तरी सोडेना. ओरडला, कायले मारून राहिली वो तिले? ज्या मशीननं भाऊले खाल्लं, थे त दहाव्याच्या आधीच भंगारात गेली! हे बालाघाटची, सेकंडहँड. शेठनं नंबर तेवढा तोच टाकला.
घण खाली ठेवला.

२८ नोव्हेंबर
नाव कटलं नाही. चावणं म्हणजे हात उचलणं नव्हे, असं चैतरामने पट्टी बांधलेल्या हाताने शेठला पटवलं. ठोकलेलं सगळं मीच नीट करायचं. दिवसभर पत्रा सरळ केला, वेल्डिंग केलं. डिंपलने दिवा धरला.
घरी येताना भंगारवाल्याकडे गेले. थे कवाचीच वितळली बाई, म्हणाला. आता कुठंतरी सळाखी झाली असन.
सोमवारी पेपर आहे. अभ्यास कशासाठी करायचा ते कळेना. तरी तिसरा धडा उघडला. कठीण आहे.