राखेच्या रेघा

अप्पा, घर पाडायचं ठरतंय. तुम्ही बांधलेलं, कुंभारवाड्याचं. माझ्या होकाराशिवाय कुदळ लावणार नाही असं नात म्हणते, आणि तेवढ्यानेच मला अन्न गोड लागेनासं झालंय. मागची भिंत पोटात फुगलीय, पुढचा पाऊस ती काढेल असं वाटत नाही. हे मलाही दिसतं. पण ही भिंत गेल्यावर तुमच्या हातचं काय उरेल?

नात बेळगावात बांधकामाच्या ऑफिसात आहे. तिच्या कामाला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग असं लांबलचक नाव. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने त्यातून काय समजावं? मला वाटायचं, नकाशाच असेल, फक्त रंगीत. परवा तिने मला पडवीत बसवून दाखवलं. आधी अख्खं घर कॉम्प्युटरात बांधतात. भिंत, तुळई, पाईप, वायर, प्रत्येकाची मापं आणि माल त्यातच. भिंत सरकवली की तिच्यातली खिडकीही सरकते, विटाही कमीजास्त होतात. "आज्जा, ह्यो पाईप तुळईत घुसतोय बघा, म्हणून लाल झालाय," ती म्हणाली. आपल्या वेळी गवंडी भिंत बांधायचा, मग नळवाला ती फोडायचा, मग वायरवाला, आणि मालक तिघांनाही शिव्या द्यायचा. आता सगळे एकाच घराकडे बघतात, म्हणून ती भांडणं पाया खणायच्या आधीच मिटतात. माझ्या जिवाला तरी घोर. लाईट गेली तर, असं विचारलं. "घर जात न्हाई आज्जा, चार्जिंग जातंय."

तेव्हा तुम्ही आठवलात. कुणाचंही घर बांधायला घेतलं की पाया खणण्याआधी तुम्ही जमिनीवर राखेच्या रेघा ओढता, सुताराला बोलावून घेता आणि घरच्या बाईला चुलीच्या जागी बसवता. आपल्या घराच्या वेळी आई त्या रेघांमध्ये बसलीय, उघड्यावर, लाजून पदर पुढे ओढत. तुम्ही दाराच्या जागी उभे.

"दिसतोय काय मी?"

"अर्धेच दिसताय."

तुम्ही पायाने राख पुसता, दार थोडं अलीकडे घेता.

"आता?"

"आता व्हय."

पाडायच्या आधी नातीने हे जुनं घरही मोजून कॉम्प्युटरात घातलंय, फुगलेल्या भिंतीसकट. मी म्हटलं, चुलीपाशी बसल्यावर कसं दिसतं ते दाखव. तिने पडद्यावरचं चित्र बसलेल्या माणसाच्या नजरेइतकं खाली आणलं, आणि समोर अख्खं दार उभं राहिलं. उंचीचा अंदाज यावा म्हणून तिच्या कॉम्प्युटरात एक करडा माणूस असतो, नाक नाही, डोळे नाहीत. त्याला दारात उभा कर म्हटलं. उंची किती, तिने विचारलं. मला सांगता येईना. तुम्ही आत येताना वाकायचा, एवढंच मला आठवतं. आई तवा सोडून बघायची नाही, नुसत्या सावलीच्या वाकण्यावरून तुमचं ताट घ्यायची.

चौकटीपेक्षा उंच धर, मी म्हटलं. त्या माणसाचं डोकं चौकटीत घुसलं आणि लाल झालं.

"आज्जा, नवं दार उंच करूया. डोकं आपटतंय."

मी कर म्हणालो, आणि त्यातच घर पाडायलाही हो म्हणून गेलो. नव्या दारात कुणालाच वाकावं लागणार नाही, अप्पा. तो माणूस कोण, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. दाराची उंची बघत होतो, असं म्हणालो.