हलगी शेकायला नेली तेव्हा

अण्णा,

पत्र लिहितोय खरा, पण ज्या कागदावर लिहितोय तो पाहून तुम्ही आधी माझा कानच धरला असता. लढाई संपून वर्ष होत आलं तरी बेळगावात धड कागद मिळत नाही, म्हणून पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी बाजू वापरतोय. या पानाच्या मागे एका चिरंजीवांनी ‘राजन्’ शब्द चालवताना राजाची अशी दशा केली आहे की राज्यं बुडवायला इंग्रजांनी एवढ्या लांबून यायची गरज नव्हती. असो. लिहायचं कारण एवढंच की आपल्या पैलवानाचा वाद मिटला. तुम्ही जिंकलात. पण हे वाक्य मी तुम्हाला एकदा आधीच सांगून बसलोय, आणि सगळी गोम तिथंच आहे.

पैलवान आठवतो ना? बोरगावकडचा जैनाचा गडी, हौदात उतरला की माती अंग चोरायची. चिकोडीपासून बेळगावापर्यंत त्याच्यासमोर उभं राहणारा कोणी नव्हता, आणि बाहेरचा एक नंबरचा मल्ल आला की हा हमखास पडायचा. तेही जिंकता जिंकता. निपाणीत तेव्हा बोलायला दोनच विषय होते, तंबाखूचा भाव आणि पैलवानाची खोट, आणि भावावर निदान संध्याकाळपर्यंत एकमत व्हायचं. बाजाराच्या दिवशी वखारीच्या पायरीवर तुम्ही छत्री मांडीवर आडवी घेऊन बसलेले, मी तुमच्या मागे. कोणी म्हणतोय, “मटण खात न्हाय, म्हणून मार खातंय.” त्याला दुसरा, “खुळा हाईस काय रं? हत्ती काय मटण खातंय?” “मग हत्ती कुस्ती कुटं खेळतंय?” तिसऱ्याच्या मते दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा न घेणाऱ्यानं कुस्तीच्या नादी लागू नये. चौथा म्हणतो, लग्न झालं तिथंच घात झाला. संकेश्वरकडचा एक कानडी व्यापारी मात्र रोज दोन्ही हात झाडून एकच शब्द बोलायचा, “दम इल्ल!” दम नाही. मी त्याच्या पक्षाचा. वीस मिनिटांनंतर पैलवानाचे खांदे उतरतात हे मी तीन जत्रांत डोळ्यांनी पाहिलं होतं. पाठशाळेत तुमच्याकडे सहा वर्षं न्यायशास्त्र शिकून मी तिथंच दुय्यम शिक्षक झालो होतो, चोवीस वर्षांचा होतो, आणि जगातला प्रत्येक प्रश्न माझी वाट पाहत थांबलाय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

तुमचा पक्ष सगळ्यांत वेगळा. तुम्ही पाच फुटांचे, अंगात हाडं तेवढी, जन्मात कधी लंगोट कसला नाही, पण कुस्तीच्या मैदानात पुढची जागा तुमची. लोक पैलवानाच्या मांड्या बघायचे आणि तुम्ही डोळे मिटून बोटांची पेरं मोजायचात. त्या उरुसाच्या मैदानात झिमझिम पाऊस आला तो दिवस आठवतो. हलगीचं कातडं सर्दावलं, आवाज बोदा झाला, तेव्हा वाजवणारे हलग्या शेकायला मागच्या बांधाकडे गेले. पेटवलेल्या काडाचा धूर वर निघाला. इकडे आपला पैलवान चांगला वरचढ होता, तो मध्येच घोटाळला, आणि दोन श्वासांत त्याची पाठ मातीला लागली. तुम्ही माझा गुडघा दाबलात. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी दहिवरानं हलग्या उतरल्या, पुन्हा धूर निघाला, पुन्हा पैलवान उताणा. येताना बैलगाडीत तुम्ही सिद्धान्त मांडलात, “डोंगरावर धूर दिसला तर आग हाय म्हणायचं, शिकलास न्हवं? आता नवं शीक. जिथं धूर, तिथं हार. त्याचा हात मोकळा न्हाय रं, ठोक्यावर चालतोय. सातवा ठोका पडला की पट काढाय वाकतोय. ठोका बंद, की गडी बंद. मोठी कुस्ती लांबती, तवर हलगी उतरतीच.” पट काढणं म्हणजे समोरच्याची मांडी धरून त्याला उपटणं, तो पैलवानाचा हुकमी डाव.

मी हसलो. म्हटलं, “अण्णा, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. दोन दाखल्यांनी नियम होत नाही. तुम्ही छंद शिकवता म्हणून तुम्हाला म्हशीच्या रवंथातसुद्धा वृत्त सापडतं.”

“सापडतंय की,” तुम्ही म्हणालात. “तुझ्या श्लोकात तेवढं सापडत न्हाय.”

गाडीवान आपल्याकडे वळून बघत राहिला होता. पुढची तीन वर्षं हा वाद चालला. शनिवारी दुपारी पाठ संपला की तुम्ही खोलीत शेंगा आणि गूळ पुढ्यात ठेवायचात आणि म्हणायचात, “बोल, काय म्हणतोय तुझा दम?” एकदा मी एका धाकट्या विद्यार्थ्याला वादात मुद्दाम जिंकू दिलं होतं, त्याचा बाप नुकताच गेला होता म्हणून. तुम्ही मला बाहेर बोलावून जे बोललात ते मी आजही पोरांना सांगतो. वादात दया केलीस म्हणजे समोरच्याला मेल्यात जमा धरलंस. इतकं साधं वाक्य, आणि इतक्या वेळा इतरांना सांगितलेलं. स्वतःला ते लागू पडतं हे मात्र वेळेवर सुचलं नाही.

मधल्या एका चैत्रानंतर तुम्ही हलगीचा पक्ष चारचौघांत मांडायचं सोडलंत. वखारीच्या पायरीवर कोणी विषय काढला तर म्हणायचात, “आमचं आपलं काय तरी खुळ.” खोलीत वाद घालायचात, पण आवाज खाली, दार लोटून. मला वाटलं, पक्ष लंगडा पडला. मी तर पायरीवर तुमच्यादेखत दमाची बाजू अशी मांडली होती की त्या कानडी व्यापाऱ्यानं मला चहा पाजला. तुम्ही शेजारी बसून ऐकत होता. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा हसू होतं. ते हरलेल्याचं हसू आहे असं मी धरून चाललो.

मग मला बेळगावच्या शाळेत नोकरी लागली, मी अनगोळला खोली घेतली, आणि दीड वर्षात तुम्ही अंथरूण धरल्याचं कळलं. सर्व्हिस मोटारीनं आलो. दुपारची वेळ, खिडकीतून तंबाखूचा उग्र वास, तुमची छत्री खुंटीला. वैद्यबुवा दारातच माझ्या कानाला लागले, “आठवडा काढतील. त्यास्नी सांगू नगासा.” मी आत येऊन बसलो. तुम्ही उशीवर इतके लहान दिसत होता की मला कुठं बघावं कळेना. तुम्ही डोळे उघडलेत, आणि पहिला प्रश्न, “काय म्हणतोय तुझा दम?”

मी म्हणालो, “अण्णा, तुमचंच खरं. हलगीच.”

तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. मग अगदी पाठशाळेतल्या आवाजात म्हणालात, “हेतू सांग.” म्हणजे, कशावरून म्हणतोस ते सांग. माझ्याकडे काय होतं? वैद्यानं सांगितलेला आठवडा होता. तुम्ही म्हणालात, “कारण न्हाय, आणि मान्य करतोस. वैद्य दोन दिवस लपवतोय, ते तू एका वाक्यात सांगितलंस की रं.” मग भिंतीकडे तोंड केलंत. “जा. मोटार चुकंल.” मी पाया पडलो आणि उठलो. पाचव्या दिवशी तुम्ही गेल्याचं पत्र आलं.

याला आता वीस वर्षं होत आली. गेल्या महिन्यात परीक्षेच्या कामानं हुबळीला निघालो होतो. लोंढ्याला गाडी बदलायची, आणि पुढच्या गाडीला तीन तास अवकाश. पाय मोकळे करायला बाहेर पडलो, तर लाकडाच्या वखारीपुढं एका ओंडक्यावर म्हातारा राखणदार बसलेला. मोडलेल्या कानांवरून ओळखला. अंग ओसरलं होतं, पण बसण्याची ऐट तीच. शेजारी बसून म्हटलं, “पैलवान, मी निपाणीचा.”

“निपाणीचं? मग तंबाखू काडा की.”

तंबाखू नव्हती, म्हणून त्यानं मला थोडं कमी मानलं, पण बोलायला लागला. मी सरळ विचारलं, “तुमचा दम कमी पडायचा, नाही का?” म्हातारा दुखावला. “दम? मास्तर, दम अजून हाय. गुडघं न्हाईत.” आणि आपल्या जुन्या कुस्त्या सांगू लागला. ऐकता ऐकता मी सवयीनं छत्रीचं टोक ओंडक्यावर आपटत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं, दर काही ठोक्यांनी म्हाताऱ्याचा उजवा खांदा खाली येतोय, पंजा उघडतोय. मी मोजलं. सातवा. पुन्हा सातवा. माझी छत्री थांबली. म्हातारा वाक्याच्या मधोमध थांबला, तोंड तसंच उघडं. मग ओशाळून म्हणाला, “थांबू नगासा. वाजू द्या.”

मग त्यानंच सांगितलं. त्याचा वस्ताद, म्हणजे तालमीतला गुरू, पत्र्याच्या डब्यावर काठी मारून बैठका काढायला लावायचा. लहानपणापासून आठ वर्षं. “ठोका अंगात शिरला तो निगालाच न्हाय. हलगी बंद पडली की अंग म्हनायचं, सुट्टी झाली.” हे कुणाला ठाऊक होतं, असं मी विचारलं. “एकालाच. तुमच्या निपाणीचं बारकं गुरुजी, छत्रीवालं. चैताच्या उनात चालत आलतं तालमीत. म्हनालं, पैलवान, डबा बंद करून मेहनत कर. मी पाय धरलं त्यांचं. म्हटलं, गुरुजी, ह्यो बोभाटा झाला तर समदं हलगी बंद पाडून माझ्यासंगं खेळतील. आण घातली, कुनाला सांगायचं न्हाय म्हनून.” मी विचारलं, “मग केलीत तशी मेहनत?” “केली की. अंग ऐकंल तर खरं.” आणि मला विचारलं, “हाईत का गुरुजी?”

मी ‘नाही’ म्हणालो. त्यानं हात जोडले, आणि मी छत्री वाजवत राहिलो, कारण थांबवायचा धीर होईना.

म्हणजे अण्णा, चैत्रापासून तुमच्या मुठीत पुरावा होता. एका वाक्यात मला उताणा पाडता आला असता. ती मूठ झाकून तुम्ही पायरीवर माझी बडबड ऐकलीत, दर शनिवारी शेंगा पुढ्यात ठेवून वाट पाहिलीत की हा कधीतरी स्वतःच्या पायांनी तिथं पोचेल. आणि मी पोचलो तो वैद्याचं बोट धरून. आता माझ्याजवळ हेतू आहे, दाखला आहे, साक्षीदार आहे. पण ज्यानं एकदा खोटंच ‘तुमचं खरं’ म्हटलं, त्याचं दुसरं ‘तुमचं खरं’ तुम्ही कोणत्या प्रमाणानं मानणार? हा प्रश्न सोडवून द्यायलाही तुम्हीच हवेत, हा त्यातला विनोद.

इथं वाद घालायला कोणी नाही. परवा शाळेत नव्या संस्कृत मास्तराशी एका समासावरून मुद्दाम भांडण काढलं. पोरगा हुशार आहे, त्याचंच बरोबर होतं. तरी दोन मिनिटांत म्हणाला, “तुमचंच खरं, सर.” मी घरी येऊन आरशात जीभ बघितली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडेही जाऊन आलो. काही झालेलं नाही म्हणतात. ते खरं बोलतात की वैद्यबुवांचे शिष्य आहेत, कोण जाणे.

हे पत्र उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातच राहील, खाली राजा आणि वर तुम्ही. फक्त एक गोष्ट राहिली. त्या दिवशी मोटार चुकणार नव्हती, अण्णा. तिला दीड तास होता, ते तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. तो सगळा वेळ मी स्टँडवर बाकावर बसून होतो. तुमची खोली तिथून पाच मिनिटांवर. परत येऊन दारातून एवढंच ओरडायचं होतं, “अण्णा, हलगी-बिलगी सगळं खोटं, दमच!” तुम्ही उठून बसला असता.