जयराजदादाची किल्ली

माधवनगर, सांगली
१९ जानेवारी २०२४

पूजावहिनींस,
सा. न.

तुम्ही बऱ्या असाल असं लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. इकडे थंडी लय आहे. दूध संघाच्या ऑफिसात दादाच्या खुर्चीवर मी अजून कुणाला बसू देत नाही. मला वेडी म्हणतात, म्हणू देत.

पत्र टँकरवाल्या पप्पूबरोबर आजच साताऱ्याला धाडतेय, कारण हे फोनवर बोलता येणार नाही.

गेल्या वर्षी दादानं आणि मी मिळून संघातल्या सगळ्यांना सातारा-सांगलीच्या ऑफिसांच्या सर्व्हरवर पासवर्डशिवाय जाता येईल अशी सोय केली. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरात त्याची एक किल्ली, म्हणजे एक छोटी फाइल. सर्व्हर ती ओळखतो आणि आत घेतो. खरं तर त्या किल्लीलाही पासवर्डचं कुलूप घालायचं असतं. पण दादा म्हणाला, "आपलीच माणसं हाईत गं. घरात यायला कोण कडी वाजवतंय व्हय?" शिवाय आत येणाऱ्या प्रत्येकासाठी, आल्याबरोबर पडद्यावर दिसेल अशी एकेक ओळ त्यानं लिहून ठेवली. माझ्यासाठी, "संयोगे, आधी जेव." त्याच्या स्वतःच्या खात्यात काय लिहिलंय ते मी कधी पाहिलं नव्हतं.

परवा आमचे मॅनेजर नानासो टेबलाशी आले. तोंड उतरलेलं. "जयराज जाऊन दोन महिनं झालं. मग ह्यो रोज सांजंला आत येतोय कसा?"

मी सर्व्हरची नोंद बघितली. साताऱ्याहून, तुमच्या घरून, दादाच्याच लॅपटॉपवरून. काही उघडलेलं नाही, काही नेलेलं नाही. यायचं आणि जायचं. मग मीही त्याच्या खात्यातली ती ओळ काढून वाचली.

"जयराज, घरी जा. पूजा वाट बघतीया."

गेला त्या दिवशी तो घरीच यायला निघाला होता, वहिनी. हायवेपर्यंतच पोचला.

दादाच्या जागी तुम्हाला घ्यायचं संघात चाललंय. यात तुमचं नाव आलं तर ते मोडेल. म्हणून आज नानासोंना खोटं सांगितलं, की दादाच्या लॅपटॉपवर रोज आपोआप चालणारं एक काम मीच लावून ठेवलं होतं, बंद करायचं विसरले. ते म्हणाले, "उद्याच्या उद्या त्याची किल्ली काढ. न्हाईतर पोलिसांत देतो."

उद्या दुपारी मी ती पुसणार. बसवली होती तीही मीच. मग सर्व्हर तुम्हाला पासवर्ड विचारेल, आणि तो फक्त दादाला ठाऊक होता. विचारायला लागला की काही टाइप करत बसू नका. लॅपटॉप मिटून ठेवा.

आज शेवटचं एकदा आत जाऊन या. आजचंही माझ्याच नावावर घालीन.

त्याचं नाव अजून तरी न पुसलेली,
संयोगिता