दोन व्हॉल्व आणि तळ्यापलीकडचा साक्षीदार

मी, राव्दना सायेत्स, कै. पिएरा सायेत्स यांची पत्नी, वय बहात्तर, राहणार सुओलोयाव्री, तळ्याचा अलीकडचा काठ, इनारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. जीभही शाबूत आहे, आणि ती गेली असती तर बरे झाले असते असे म्हणणारे काठावर दोघे-तिघे आहेत. गेला तो उजवा हात. शरदात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो मांडीवर नुसता पडून असतो. म्हणून अक्षर तुइयाचे आहे. तुइया ही आमच्याकडे फिरतीवर येणारी नर्स. तिला यातून काही मिळत नाही, त्यामुळे ती साक्षीदार म्हणून चालते. दुसरा साक्षीदार पलीकडच्या काठावरून यायचा आहे. त्याला बोलवायला माझा मुलगा हायका बर्फगाडी घेऊन निघतो आहे. तो परत येईपर्यंत लिहून होईल.

कलम १. घर, सॉना आणि मासे टांगायची खोपी हायकाला. त्याच्यावाचून मला दुसरे मूल नाही, तेव्हा भांडायलाही कोणी नाही. धुराडे वर्षातून एकदा झाडावे. तो झाडणार नाही, पण लिहून ठेवते.

कलम २. माझ्या कानखुणेचे सर्व रेनडिअर हायकाला. तुइयाने विचारले, "आजी, किती आहेत म्हणून लिहू?"

"तुझ्या बँकेत किती आहेत ते आधी तू सांग."

बिचारी लाल झाली. पोर चांगली आहे, पण दक्षिणेकडची. आमच्यात कळपाचा आकडा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. "झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत" असे लिहिले की पुरते. खूण माझ्या आईची आहे: डाव्या कानाच्या टोकाला दुहेरी खाच, उजव्याला खालून एक. तीत बदल करू नये.

कलम ३. गाडी. ही हायकाला देत आहे, पण मनापासून नाही, आणि कारण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कळपामागे गाडी पळवायची नसते. दिवसभर रांगत जायचे, नाहीतर गाभण माद्या बुजतात. सुट्टीला येणारे पाहुणे गाडी बेफाम हाणतात, त्यांच्या इंजिनात काजळी टिकत नाही. आमचा धीरच इंजिनाच्या नरड्यात बसतो. अर्धवट जळलेले तेल डिंकासारखे घट्ट होते आणि धूर बाहेर पडायच्या वाटेवर जे पोलादी पाते खालीवर सरकते, म्हणजे पॉवर व्हॉल्व, ते जागीच चिकटते. मग गाडी रांगायला तयार, पळायला सांगितले की कच खाते. आणि तळ्यावर नेमके पळावेच लागते. वरच्या बर्फाच्या ओझ्याने खालचा थर दबला की भेगांतून पाणी वर येते आणि भुसभुशीत बर्फाखाली लपून राहते. त्यात गाडी शिरली तर वेगाची कळ पूर्ण दाबायची आणि थांबायचे नाही. माझा धाकटा भाऊ माह्ते थांबला होता, त्याच्या गाडीने अशीच कच खाल्ली. गाडी तिथेच रुतली, तो भिजल्या पायांनी चालत निघाला. घराचा दिवा दिसतो इतक्या जवळ तो आम्हाला सापडला, लाकडासारखा.

तेव्हापासून व्हॉल्व मी काढत आले. पिएरा गाडी चालवायचा आणि मी उघडायची. काठावर यावरून हसून झाले, मग जो तो आपली गाडी माझ्याच अंगणात आणू लागला. हायकाने वाचावे: दर महिन्याला, दोन्ही सिलिंडरचे. झाकणाचे स्क्रू काढताना तोंड बाजूला ठेव, खाली स्प्रिंग असते. मग रबरी भाता. तो उजेडासमोर ताणून बघ, थंडीने रबर तडकते; टाचणीएवढे भोक असले तरी नवा घाल. पाते सरळ ओढ, रॉकेलमध्ये भिजव, लाकडी चिपेने खरवड, चाकूने नव्हे. घालताना उतरती बाजू पिस्टनकडे जशी होती तशीच बसव. उलटे घातलेस तर पिस्टन त्यावर आपटेल. शेवटी बोटाने सरकवून बघ, अडखळता कामा नये.

हे मी त्याला इतक्यांदा सांगितले आहे की त्याला पाठ असेल. करणे वेगळे. आज सकाळीच विचारले, "हायका, व्हॉल्व बघितलेस का?"

"हो गं आई, बघितले."

"कधी?"

"अगं, गाडी चालू होते ना? झालं तर मग."

"चालू तर तुझा बापही रोज सकाळी व्हायचा. मी कामाचं विचारतेय."

तो हसला, कॉफी संपवली आणि हेल्मेट शोधायला लागला.

तुइया, थांबू नकोस, बोलते ते सगळे लिही. आत्ता गाडी अंगणातून निघाली. उताराला त्याने कळ दाबली आणि आवाज चढता चढता मध्येच बसला. एका बाजूचा तरी व्हॉल्व चिकटला आहे. मी डाव्या हाताने खिडकीवर थापा मारल्या. तुइया दारात जाऊन ओरडली. त्याला काय ऐकू येणार? त्याचा फोन इथे टेबलावर, कपाशेजारी. आता तो तळ्यावर असेल. आणि पाठवला कोणी त्याला? मीच पाठवला, एका सहीसाठी.

तुइया विचारते आहे, "आजी, जरा थांबायचं का?"

"लिही गं. लिहिलं नाही तर नुसतं ऐकत बसावं लागेल."

कलम ४. माझी लांब तोंडाची पक्कड. ती पलीकडच्या योव्सेतने "उद्या आणून देतो" म्हणून नेली. त्याचा उद्या अजून उजाडायचा आहे. तीच पक्कड मी त्याला देऊन टाकते, म्हणजे तो चोर ठरणार नाही आणि जन्मभर त्याला टोचत राहील.

तुइया म्हणाली, "आजी, योव्सेतना काही दिलंत तर ते साक्षीदार म्हणून चालणार नाहीत."

मग खोड. पक्कड माझीच आहे. त्याने परत करावी.

कलम ५. उरलेले सामान. दोन दोर, सुरी, पिएराचा अंगरखा. हे नंतर लिहू. आत्ता सुचत नाही.

बऱ्याच वेळाने पुढे लिहीत आहोत. खिडकीतला उजेड निळा झाला होता. मी देवाला काही कबूल केले नाही, कारण द्यायला माझ्याकडे आता काय आहे? शेवटी कुत्रा उठला आणि आवाज आला. एकाच गाडीचा आवाज, आणि ती आमची नव्हती. तो आवाज ऐकून मी मनात माझ्या मुलाला मेलेला धरला, असे लिही. नंतर दोर दिसला. पुढे योव्सेतची गाडी, दोराला बांधून मागे आमची, आणि तिच्यावर हायका बसलेला, मांडीपर्यंत भिजलेला, विजार गोठून फळीसारखी झालेली. मी रडले. तेही लिही.

योव्सेत दारातूनच म्हणाला, "राव्दना, तुझं पोरगं पाण्यात बसलं होतं. मासे धरत होतं म्हणे."

"आई, काठ जवळच होता गं," हायका म्हणाला.

"माह्तेलाही जवळच होता."

हायकाचे पाय चोळून झाल्यावर मी सांगितले, व्हॉल्व या टेबलावर आल्याशिवाय सही होणार नाही. योव्सेतने खिशातून माझी पक्कड काढली. "ही घे बाई. नाहीतर वर गेल्यावरसुद्धा हाका मारशील." हायकाने डावीकडचे पाते ओढून काढले. काळेकुट्ट, चिकट. मी सांगत गेले, तो खरवडत गेला. माझ्या उजव्या हाताची बोटे नुसती शिवशिवत होती, हलले एकही नाही.

कलम ६. गाडी हायकाकडून काढून घ्यावी असे मनात आले होते. पण कळप तळ्यापलीकडे आहे, आणि गाडीवाचून तो राखता येत नाही. तेव्हा कलम ३ आहे तसेच राहील. घर देता येते, कानखूण देता येते. काळजी तेवढी देता येत नाही, ती माझी मलाच न्यावी लागणार.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

ठिकाण: सुओलोयाव्री
दिनांक: १४ मार्च २००९

राव्दना सायेत्स
(डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार: योव्सेत वाल्ले, पलीकडचा काठ. पक्कड परत केली, याचीही नोंद व्हावी.

साक्षीदार: तुइया कोस्केला, नर्स. ठसा काजळीचा आहे, शाईचा नाही. आजींनी तो माझ्यासमोर उमटवला. त्यांच्या सांगण्यावरून हेही लिहीत आहे की सही झाली तेव्हा डावीकडचा व्हॉल्व साफ करून बसवलेला होता. उजवीकडचा स्क्रू निघत नव्हता. हायका म्हणाला, "राहू दे गं आई, उद्या बघतो. काठाकाठानेच जातो," आणि कोरडी विजार घालून कळपाकडे निघाला. आजी खिडकीशी बसून ऐकत आहेत. त्या म्हणतात, काठाने नाही, तळ्यावरूनच चाललाय.