नागसेन काही मागत नाही

मु. मोहटोली, ता. सावली, जि. चंद्रपूर
दि. २४ ऑगस्ट २०२५, रविवार

आदरणीय आशाबाई यांना,
सप्रेम जय भीम.

आम्ही तिघंही इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे आता कसे आहेत? तुमचे मालक, आमचे साडभाऊ, म्हणाले, पायऱ्या चढताना त्रास होतो. पावसाळा आहे, जपून राहा. आमची रोवणी आटोपली. पाणी वेळेवर आलं, बांधीत धान चांगलं लागलं आहे. साक्षी सातवीत गेली आणि रिना असती तर उंचीला तिच्या खांद्याएवढी झाली असती. नागसेन तिसरीत आहे. गणित बरं आहे, अक्षर माझ्यावर गेलं आहे, म्हणजे वाचणाऱ्याची परीक्षा.

साडभाऊ परवा सावलीच्या बाजारात भेटले. चहा पिता पिता त्यांनी तुमचा निरोप दिला. अर्धा सांगितला आणि अर्धा गिळला, पण मला पूर्ण कळला. “लेकरांले चुलीपुढं बसवून हा बाप का करून राह्यला? जमत नसन तर दोघांले आरमोरीले आणून सोड मना.” तुमचंच वाक्य आहे ना? मला तुमचा आवाजसुद्धा ऐकू आला.

फोन करणार होतो. पण फोनवर तुमच्याशी बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, मग तुम्ही गप्प होता, मग मी “बरं, ठेवतो” म्हणतो. वर्षभर आपलं असंच चाललं आहे. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकतो. कागदावर माणूस जरा दमानं बोलतो.

तर हो, लेकरं रात्रीचा स्वयंपाक करतात. रोज नाही. राइस मिलमधून मला यायला उशीर होणार असेल त्या दिवशी तर मुळीच नाही, कारण मी घरात नसताना गॅस पेटवायचा नाही हा नियम आहे. शेगडी मी ओट्यावरून खाली फरशीवर ठेवली, नागसेनचा हात पुरावा म्हणून. कुकर मीच उघडतो. फोडणी साक्षी देते, मी मागे उभा राहतो. आराम करत खाटेवर पडलेला असतो असं तुमच्या डोळ्यापुढे असेल तर ते काढून टाका.

सुरुवातीला काय काय खाल्लं आम्ही, विचारू नका. तांदळावर बोटाचं एक पेर पाणी ठेवायचं, असं मी सांगितलं. आपल्याकडे सगळ्या बाया असंच मोजतात. साक्षीनं इमानदारीत आपल्या बोटानं मोजलं. तिचं बोट ते केवढं, आणि पेर ते केवढं! भात कुकरमधून निघाला तो दाताखाली कटकट वाजणारा. नागसेननं एक घास चावला आणि गंभीरपणे विचारलं, “बाबा, पानी तुमच्या बोटानं मोजाचं होतं का ताईच्या?” साक्षी इतकी हसली की तिला ठसका लागला. रिना गेल्यावर या घरात मोठ्यानं हसू आलं ते त्या दिवशी. त्या कच्च्या भाताला मी नावं ठेवणार नाही.

आता साक्षीला भात, वरण, वांग्याची भाजी, अंबाडीची भाजी येते. लाखोळीच्या डाळीचे वडे तिनं एकदा केले, पण तेल इतकं संपलं की मी सणाशिवाय वडे बंद केले. आणि नागसेन लसूण सोलतो, कोथिंबीर निवडतो, आणि बाई, तुम्हाला खोटं वाटेल, पातळ भाजी तो आमच्या दोघांपेक्षा चांगली करतो. चव घ्यायला चमचा उचलतो, तेव्हा अगदी रिनासारखा एक डोळा बारीक करतो. मला तेव्हा बाहेर जावं लागतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोराला शिकवायची घाई काय होती? मी करू शकत नाही का? करू शकतो. शेजारच्या सोमारीबाईही रोज काही ना काही आणून देतात. पोटाचा प्रश्न नव्हता.

प्रश्न असा होता की नागसेन काही मागत नव्हता.

आधी मला वाटलं, आई गेली आहे, पोरगं हिरमुसलं आहे. ताटात जे पडेल ते खायचा, संपलं की हात धुवायचा. आणखी भात घेतो का म्हटलं की “नाई”. कधीच “घेतो” नाही. दुकानासमोरून जाताना बिस्किटांकडे बघायचं बंद केलं. शाळेतल्या बाईंनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, खिचडी वाढताना सगळी पोरं ताट पुढे करतात, हा ताट मागे घेतो. वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं, तर म्हणाला, “काई नाई, बाबा. ताईले आणा.” हाडं दिसायला लागली त्याची.

दिवाळीनंतर त्याला ताप आला. मी बाजूलाच बसलो होतो, जरा डोळा लागला. जाग आली तर पोरगं उघड्या डोळ्यांनी माठाकडे बघत पडलेलं. ओठ सुकून फाटलेले. मी पाणी पाजलं, तर घटाघटा प्यायला. मला राग आला, मी ओरडलोच, “तहान लागली तर सांगता येत नाई का रे? उठवाचं नाई का मले?”

तो म्हणाला, “म्या मांगलं का माणूस जाते. मंग येत नाई.”

बाई, इथपर्यंत मी कसातरी लिहिलं. यापुढचं लिहायचं म्हणून तीनदा उठून पाणी पिऊन आलो. तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. पण तुम्हीच लेकरं आणून सोड म्हणता, तर तुम्हाला हे माहीत पाहिजे.

रिनाला जंगलातून आणलं त्या दिवशी आपण कोणीच भानावर नव्हतो. वाघानं मारलेल्या माणसाचं सगळंच वेगळं असतं, तोंड बघू द्यायचं की नाही इथपासून. तुम्ही आरमोरीहून आलात, अंगणात बसलात आणि छाती बडवून म्हणालात, “या पोट्ट्याच्या जिभेपायी माही बहीण गेली.” कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की सकाळी नागसेननं आईकडे वास्त्यांची भाजी मागितली होती आणि ती बांबूचे कोंब काढायला जंगलात गेली. तेवढंच तुम्ही उचललं.

तो तुमच्या मागेच उभा होता. तुमच्यासाठी पाणी घेऊन आला होता.

तुम्हाला ते आठवतसुद्धा नसेल. मलाही त्या दिवसाचं अर्धं आठवत नाही. तुमची ती पाठची बहीण होती, तुम्ही तिला कडेवर खेळवलं होतं. तेव्हा तोंडातून काय निघालं याचा हिशेब मी मागत नाही, निदान मागायचा नाही असं ठरवलं होतं. म्हणूनच वर्षभर हे बोललो नाही. पण पोरानं तो शब्द गिळला आहे आणि तो त्याच्या पोटात बसला आहे. त्यावर भात कसा जाणार?

मी त्याला खरं काय ते सांगितलं, एकदा नाही, पन्नासदा. आदल्या संध्याकाळीच रिना आणि सोमारीबाई आमच्या दारापुढच्या सपरीत बसून ठरवत होत्या की उद्या वास्त्यांना जायचं, बांबूचे कोंब चांगले फुटले आहेत, बाजारात भाव आहे. मी तिथंच बसलो होतो. नागसेन तेव्हा झोपला होता. त्यानं सकाळी मागितली नसती तरी ती गेलीच असती. दरवर्षी जायची. तुम्हालाही पिशवी भरून पाठवायची की नाही?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग मावशी खोटं बोलली का?”

रिनानंच त्याला तुमच्याबद्दल शिकवून ठेवलं होतं की माही बाई कधी खोटं बोलत नाही. माझ्या पन्नास शब्दांपेक्षा त्याला तुमचा एक शब्द मोठा आहे.

म्हणून मी स्वयंपाकाचं काढलं. माझं साधं डोकं. वाटलं, याला मागायची भीती वाटते ना, मग मागायचं कामच ठेवू नको. जे खावंसं वाटेल ते आपल्या हातानं करेल, करता करता खाईल. साक्षीला सोबत घेतलं, म्हणजे त्याला खेळ वाटेल.

त्याला आवडलं, हे खरं. पण मला वाटलं होतं तसं झालं नाही. साक्षीला आवडतं म्हणून वांगं करतो. मला आवडतं म्हणून सुकटीची चटणी करतो. आम्हाला वाढतो, ताटाकडे बघत बसतो, संपायच्या आत पुन्हा वाढतो. स्वतःच्या आवडीचं त्यानं एकदाही केलं नाही. आठ वर्षांचं पोर आम्हाला असं जेवू घालतं, जसं काही त्याला काही फेडायचं आहे. माझा घास तोंडात फिरतो, पण टाकून उठलो तर त्याला काय वाटेल म्हणून गिळतो. मी शिकवलं ते चुकलं की काय, हेही आता कळेनासं झालं आहे.

मागच्या आठवड्यात सोमारीबाई लुगड्याच्या ओच्यात वास्ते घेऊन आल्या. रिना गेली तेव्हा त्याच सोबत होत्या, त्यांनीच ओरडत गाव गाठलं होतं. वर्षभर त्या जंगलाकडे फिरकल्या नव्हत्या. यंदा घरामागच्या बांबूच्या बेटातले काढले म्हणाल्या. “मले वाटलं लेकरं खातीन. रिनाबाई नाई, तं का लेकरायनं खाऊच नाई?” मी खेकसणार होतो की घेऊन जा ते. नागसेननं पुढे होऊन त्यांच्या ओच्यातून एकेक कोंब उचलला.

त्यानं ते कसे केले, काय सांगू! सालं काढली, बारीक चिरले, उकळून कडू पाणी फेकलं, पुन्हा उकळून पुन्हा फेकलं. चण्याची डाळ आधीच भिजत घातली होती. त्याला हे कोणी शिकवलं नाही. मला तर येतही नाही. आईजवळ बसून बघितलं असेल. साक्षी मध्येच उठून मागच्या दारी गेली आणि रडून आली. तो मात्र आपला ढवळत होता.

भाजी हुबेहूब रिनाची झाली होती. त्यानं मला वाढली, ताईला वाढली. सोमारीबाईंना वाटी देऊन आला. स्वतःच्या ताटात वरण-भात. मी म्हटलं, “तुले रे?”

“मले नको.” मग स्टीलचा डबा माझ्यापुढे सरकवला. “हे मावशीसाठी. तुम्ही आरमोरीच्या गाडीनं पाठवान का? मावशीले सांगजा, म्या जंगलात कोणाले नाई पाठवलं. सोमारीबाईच्या घरामागचे होय.”

मी हो म्हटलं. आणि बाई, पाठवला नाही. सकाळी मिलची घाई हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की मला तुमचा राग आला होता. तो किती आला होता ते मला त्या डब्याकडे बघून कळलं. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. घरात फ्रिज नाही, पावसाळ्याची हवा, भाजी आंबली. संध्याकाळी आलो तर नागसेननं ती मागे नेऊन टाकली होती आणि डबा राखेनं घासत बसला होता. मला एका शब्दानंही विचारलं नाही. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो.

डब्याकडेच बघत तो म्हणाला, “बाबा, एक मांगू का?”

मी म्हटलं, “मांग.”

“मावशीले इथी बोलवान का?”

आशाबाई, लेकरं मी आरमोरीला पाठवणार नाही. तुम्ही त्यांना दुधातुपात ठेवाल, माहीत आहे. पण ते ओझं घेऊन तो तुमच्या दारात आला तर जन्मभर तुमची भांडी घासत राहील.

तुम्हीच या. पुढच्या महिन्यात रिनाचं पहिलं वर्ष आहे, पुण्यानुमोदनाला सगळे येतील, त्या गर्दीत नको. त्याच्या आधी या, एकट्या या. गुडघे दुखतात, मी सावलीच्या स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा राहीन. त्याच्या हातचं जेवा. त्याला शेजारी बसवा आणि सांगा की मी चुकीचं बोलले होते. गोल गोल सांगू नका, तो हुशार आहे. “मावशी चुकली” एवढे दोनच शब्द, त्याच्या तोंडाकडे बघून. मोठ्या माणसानं लेकराची माफी मागावी का, हे तुम्ही आणि मी नंतर भांडत बसू.

वर्षभरात त्यानं माझ्याकडे स्वतःसाठी ही एकच गोष्ट मागितली आहे. बाकी काहीही मागितलं असतं, तर मी कुठूनही आणून दिलं असतं.

तुमच्या रिनाचा नवरा,
आणि नागसेनचा बाप,
खुशाल