मारितचा डावा बूट

बुधवार, १ मार्च

एकवीस घोटे. मुली बारा, पण तिघींना एकाच पायाला टेप लागते. बास्केटबॉलच्या सामन्याआधी ते बांधायचं काम माझं, एका घोट्याला नव्वद सेकंद. या कामात मी चुकत नाही.

आज चुकले. ओपलचा डावा बांधून झाला होता, मी पुन्हा डाव्यालाच हात घातला. ओपल ओरडली, “अगं व्रबा, डावाच किती वेळा बांधशील! उजवा काय सावत्र आहे का?” सगळ्या हसल्या. मीही हसले. झोप कमी पडते आहे.

जिंकलो. ६८–५१. आता प्रत्येक सामना असाच — हरलं की हंगाम संपला. अजून दोन जिंकले तर राष्ट्रीय स्पर्धा. आमचं कॉलेज तिथे गेल्याला एकोणीस वर्षं झाली. मारित हाउगेनचं हे चौथं आणि शेवटचं वर्ष. चेंडू पुढे नेते ती, संघ चालवतेही तीच. कपडे बदलायच्या खोलीत तिने फळ्यावर नुसतं “१९” लिहून ठेवलं आहे. कोच रॅडकेबाईंनी ते पुसलं नाही.

शुक्रवार, ३ मार्च

साडेतीन तास बस. प्लॅट नदीच्या पुलावर सगळ्यांनी पाय जमिनीवरून उचलायचे, हा संघाचा नियम. खाली वाळूत करकोचे — हजारो. आमच्या जर्सीवर तोच पक्षी आहे, म्हणून ड्रायव्हर गस दरवेळी म्हणतो, “बघा, तुमचे नातेवाईक आलेत निरोपाला.” दरवेळी कुणीतरी हसतं.

हॉटेलात २१४ समोर उभी राहून कार्ड लावत होते. माझी खोली २४१. आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. फार सभ्य होते. मागून येणारी मारित हसली.

शनिवार, ४ मार्च

उपांत्य सामना. तिसरा भाग, दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद बाकी. सुटलेल्या चेंडूवर मारितने झेप घेतली आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानामागे बसला. डोकं लाकडी जमिनीवर आपटलं. आवाज मला बेंचपर्यंत आला. चार सेकंद ती हलली नाही — मी मोजले.

उठली ती बोलतच. “ठीक आहे. ठीक आहे गं. सोड हात.”

बोळात खुर्चीवर बसवून चाचणी घेतली. तारीख, वार, वेळ. पाच शब्द तीनदा. आकडे उलटे, महिने उलटे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच पाच शब्द. एकूण तीस गुण. मार लागल्यावर आकडा एकटा काही सांगत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये सगळ्यांची एकदा चाचणी घेऊन ठेवतो आणि त्याच्याशी ताडून बघतो. मारितचे ऑगस्टमधले चोवीस. आजचे पंचवीस.

संघाचे डॉक्टर पेल्झर फोनवर. “आकडा वर आहे म्हणतेस, मग अडचण काय? काही त्रास?”

“ती नाही म्हणते.”

“तू तिथे आहेस, मी नाही. तू ठरव.”

आम्ही चौदा गुणांनी पुढे होतो, त्यामुळे कोचनी तिला बसवूनच ठेवलं. आज काही ठरवावं लागलं नाही. जिंकलो.

आमच्या बँडचे ढोल माझ्या पाठीमागेच होते. दात दुखतात त्याने.

रविवार, ५ मार्च (सकाळ)

ऑगस्टचा कागद काढून बसले. एकूण बेरीज सगळे बघतात, चुका कुठे आहेत ते कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

तीन आणि चार आकड्यांची मालिका उलटी सांगताना चुकली. पाच आणि सहा आकड्यांची बरोबर. असं कुणाचं होत नाही! पाच शब्द — पहिल्यांदा चार, मग चार, मग तीन. तिसऱ्यांदा ऐकूनही कमी. आणि पाच मिनिटांनी पाचही. सहाही आकडे उलटे म्हणणारी मुलगी तीन आकड्यांना अडखळली.

मुद्दाम. पुढे कधी डोक्याला लागलं तर आकडा घसरलेला दिसू नये म्हणून. तिचा खरा आकडा एकोणतीस असेल, कदाचित तीस. म्हणजे काल ती एकने वर गेली नाही. चार-पाचने खाली आली.

मला हे लगेच दिसलं, यात माझी हुशारी नाही. अठराव्या वर्षी, मी स्वतः खेळायचे तेव्हा, मीही हेच केलं होतं. दुसरं कॉलेज, असाच ऑगस्ट. मोजून सात चुका. तेवीस. त्यानंतर चार वर्षांत तीनदा डोक्यावर आपटले आणि तिन्ही वेळा चाचणीतून सुटले. मोठा अभिमान वाटायचा.

न्याहारीला मारितसमोर जाऊन बसले.

“ऑगस्टमध्ये तू मुद्दाम चुकलीस.”

ती वॅफलवर पाक ओतत राहिली. “सिद्ध कर.”

“डोकं दुखतंय?”

“नाही.”

“उजेड?”

“खिडकीत सूर्य आहे, व्रबा. सगळ्यांनाच लागतो.” मग हळू आवाजात — “एकोणीस वर्षं झाली. आज मी हॉटेलात लोळत सिनेमा बघू का? सांग ना. तू बघितला असतास?”

नसता बघितला. आणि हे तिला कसं माहीत होतं, कोण जाणे.

मी कागदावर लिहिलं — ‘गुण ऑगस्टच्या पातळीपेक्षा कमी नाहीत.’ सही केली. शब्द न् शब्द खरा आहे. कागद खोटा आहे.

रविवार, ५ मार्च (बसमध्ये)

६१–५९. मारितचे बावीस गुण. एकोणीस वर्षं संपली.

जिंकणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे शिडी लावून बास्केटची जाळी कापली, एकेकीने एकेक धागा. मारित चढली तेव्हा तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती आणि डोळे मिटलेले होते. खाली सगळ्यांना वाटलं, रडते आहे. मी शिडीचा पाय धरून उभी होते. उतरल्यावर तिने आपल्या धाग्याचा अर्धा तुकडा माझ्या हातात कोंबला. “हा तुझा.”

आता ती डोक्यावर टॉवेल घेऊन बसली आहे. आख्खी बस गाते आहे, ती नाही. पुलावर तिचे पाय खालीच होते.

सोमवार, ६ मार्च

राष्ट्रीय स्पर्धेच्या जोड्या आज टीव्हीवर लागल्या. आख्खं कॉलेज भोजनगृहात जमलं. वाडगाभर तिखट चिली आणि दालचिनीचे गोड रोल, आनंदाच्या दिवशी इथे हेच. शुक्रवारी आयोवात सामना. मारितने मला विचारलं, “शुक्रवारी कोणाशी?” मी सांगितलं. ताट ठेवून आली आणि पुन्हा विचारलं, “शुक्रवारी कोणाशी गं?”

मंगळवार, ७ मार्च

सरावात तिने तीनदा रिकाम्या कोपऱ्यात चेंडू टाकला. ओपल आधी ओरडली, “ए बाई, तिथे भूत उभं आहे का?” तिसऱ्यांदा गप्प बसली.

सराव संपायची वाट बघितली नाही. मारितला टेबलावर बसवलं, घोट्याची टेप कापायला म्हणून, आणि डावा बूट काढून घेतला. आमच्या कामात ही जुनी पद्धत आहे. एका बुटाने कुणी खेळत नाही.

“दे इकडे.”

“नाही.”

“व्रबा, मी हात जोडते. फक्त शुक्रवार. मग वर्षभर अंधारात बसवून ठेव मला.”

“परवा तुला सोडलं, ती माझी चूक. दुसरी करणार नाही.”

“स्वतःला फार मोठी समजतेस तू!” एक बूट, एक मोजा — तशीच निघून गेली.

डॉक्टर पेल्झरना फोन केला. ऑगस्टच्या कागदाचं सांगितलं. रविवारी मला ठाऊक होतं आणि तरी सही केली, हेही सांगितलं. ते म्हणाले, “हे रविवारी सांगायचं होतंस.” हो.

बूट टेपच्या रिकाम्या खोक्यात ठेवला आहे. सर्वांत खालची फळी, बर्फाच्या यंत्रामागे. लिहून ठेवते. हल्ली लिहिलं नाही की राहत नाही.

बुधवार, ८ मार्च

कोच रॅडकेंनी दार लावून घेतलं. एकतीस वर्षं शिकवतात. कधी आवाज चढवत नाहीत, आजही नाही.

“आकडा चोवीस होता ना?”

“खोटा होता, कोच.”

“आणि पंचवीस?”

“तो खरा आहे. तोच तर प्रश्न आहे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “रविवारी तू सही केलीस म्हणून मी तिला खेळवलं. आज तू म्हणतेस ती सही धरू नका. मग तुझी कुठली सही धरायची, पोरी?”

“आजची,” एवढंच म्हटलं.

“जा,” म्हणाल्या. दारापर्यंत गेले तेव्हा — “विनीला पाठव.” विनी पहिल्या वर्षाची आहे. मारितच्या जागी तीच.

गुरुवार, ९ मार्च

एकोणीस घोटे, मारितचे दोन वजा. कुणी एक शब्द बोललं नाही.

शुक्रवार, १० मार्च

५७–६०.

विनी जीव तोडून खेळली. सतरा गुण. शेवटची फेक कड्यावर दोनदा नाचली आणि बाहेर पडली. अकरा सेकंद होते, कुणीतरी शांत डोक्याचं हवं होतं. ते बेंचच्या टोकाला साध्या कपड्यांत, काळा चष्मा लावून बसलं होतं.

सामना संपल्यावर विनी माझ्यासमोर टेबलावर बसली, टेप कापायला. “मारित असती तर आत गेली असती ना ती फेक?” मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. तिच्या मागून ओपल म्हणाली, “व्रबाला आकडे विचार गं. आकडे सगळे माहीत असतात तिला.” कात्री चालवत राहिले. एकोणीस घोटे सोडले, या हंगामातले शेवटचे.

मला बरं वाटायला हवं होतं. बरोबर केल्यावर माणसाला काहीतरी वाटत असावं. मला फक्त झोपायचं आहे. बसच्या मागच्या बाकावर चार जागा रिकाम्या, मी एकटी. पूल कधी गेला कळलंच नाही.

शनिवार, ११ मार्च

चौदा तास झोपले. उठल्यावरही तेच.

रविवार, १२ मार्च

उन्हाळी वेळेसाठी घड्याळं आज एक तास पुढे गेली. दुपारी टेपची खोली आवरत होते. मारित दारात आली. अजून चष्मा होता, पण चेहऱ्याला रंग आला होता.

“बूट न्यायला आले.”

“दिला ना तुला? शुक्रवारी, बसमध्ये.”

“नाही दिलास.”

“दिला. तू पिशवीत टाकलास. मला दिसतंय डोळ्यांसमोर.”

मी कपाट उघडलं, पेटी उलथी केली, बर्फाचे डबेसुद्धा बघितले. शेवटी ही वही काढली आणि मंगळवारचं पान शोधलं. सर्वांत खालची फळी, बर्फाच्या यंत्रामागे. बूट तिथेच होता.

मारितने तो हातात घेतला, घातला नाही.

“ओपलचा डावा घोटा,” ती म्हणाली. “हॉटेलातले ते आजोबा. गेल्या महिन्यात तू मला दोनदा ताई म्हणालीस, तुझी बहीण समजून. आम्ही हसायचो.” मग — “तू खेळायचीस तेव्हा किती वेळा आपटलीस?”

“तीनदा.”

“बस खुर्चीत.”

“मारित, मला ते शब्द पाठ आहेत.”

“मी माझे घेते.” फळीवरून कोरा कागद ओढला, पेन काढलं, चष्मा कपाळावर ढकलला. उजेडाने तिचे डोळे बारीक झाले, तरी चष्मा खाली घेतला नाही. “खोगीर. टोपली. मध. खिळा. नदी. म्हण.”

म्हटले. पुन्हा म्हटले. आकडे, महिने. मग पाच मिनिटं आम्ही गप्प बसलो. बर्फाचं यंत्र तेवढं खडखडत होतं.

“आता पुन्हा सांग. पाच शब्द.”

खोगीर आठवलं. नदी आठवली. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली, मदत करावीशी वाटणाऱ्या माणसासारखी.

तिने दोनदा बेरीज केली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

या वेळी मी एकही चूक मुद्दाम केली नव्हती.

तेवीस.